धाप लागली की थांबायचं का?

प्रश्न: माझे यजमान ६१ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात. संध्याकाळी कचराळी तलावाला एक फेरी मारतात आणि बाकावर बसून राहतात. पाय घासत असल्यानं उजव्या बुटाचं टोक दीड-दोन महिन्यांत झिजतं. नवीन फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आता ट्रेडमिलवर धाप लागेपर्यंत जोरात चालवायचं, थांबायचं, पुन्हा चालवायचं. मुलगा म्हणतो, बीपी वाढून दुसरा झटका आला तर? सासूबाई तर त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. काय करावं?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: ताई, ठाण्यात बावीस वर्षं मी पक्षाघात झालेल्यांचे व्यायाम घेते आहे. त्यातली पहिली कित्येक वर्षं मीही हेच सांगायचे, "काका, दम लागला की लगेच बसा." आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्या बसण्यानं माणसं आणखी बसली.

तुम्ही बुटाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पाऊल उचललं जात नाही, म्हणून कंबर वर खेचून पाय बाजूनं फिरवावा लागतो. तेवढंच अंतर चालायला त्यांना तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त ताकद लागते. आणि इकडे आठ महिने घरात बसून हृदय-फुप्फुसांची क्षमता उतरलेली. पक्षाघातानंतर ती त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या निम्म्यावर आलेली असते, असं वारंवार दिसतं. म्हणजे मिळकत निम्मी आणि खर्च जवळजवळ दुप्पट. एका फेरीत ते बाकावर बसतात ते आळसानं नाही हो.

नुसतं हळू चालून ही क्षमता फारशी वाढत नाही, हृदयाला ताण द्यावा लागतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्याला सहा महिने ते पाच वर्षं झालेल्या ५५ जणांचे दोन गट केले. एका गटाला मध्यम गतीनं सलग चालवलं. दुसऱ्याला ३० सेकंद जमेल तितक्या जोरात, मग ३० ते ६० सेकंद विश्रांती, पुन्हा जोरात. आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. शेवटी सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजलं, तर मध्यम गटाचं सरासरी २७ मीटरनं वाढलं होतं आणि जोराच्या गटाचं ७१ मीटरनं. तुमच्या फिजिओंच्या मनात हेच असणार.

मुलाची शंका मात्र झटकून टाकू नका. सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर दोघांचीही परवानगी घ्या. ईसीजी लावून स्ट्रेस टेस्ट करून घ्या, बीपी आटोक्यात आहे ना ते बघा. अभ्यासातल्या लोकांचीही अशी तपासणी करूनच त्यांना घेतलं होतं. आणि वेळ महत्त्वाची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर २४ तासांच्या आतच वारंवार उठवून चालवायला सुरुवात केलेल्यांची प्रकृती उलट थोडी कमीच सुधारली. तुमच्याकडे आठ महिने उलटलेत, ही वेळ वेगळी आहे.

पहिल्या दिवशी काय दिसेल ते सांगते, म्हणजे धसका बसणार नाही. छातीला पट्टा बांधून तो वरच्या हुकाला अडकवतात, त्यामुळे पाय अडखळला तरी माणूस खाली पडत नाही. ट्रेडमिलचा सरकता पट्टा वेग घेतो, यजमानांचा डावा हात दांडी घट्ट धरतो, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, दोन-तीन शब्दच निघतात. एवढं अपेक्षित आहे. मग अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा. तुम्ही त्या वेळी "पुरे झालं" म्हणू नका, ही माझी विनंती. त्यांचे डोळे तुमच्याकडेच असतात.

बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नका. आम्ही ६ ते २० चा बोर्ग तक्ता दाखवून विचारतो, किती जड जातंय? १५ म्हणजे 'जड'. जोराच्या फेऱ्यांत साधारण त्याच्या आसपास.

छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच थांबायचं. तोंड वाकडं झालं, बोबडं बोलू लागले किंवा हात-पाय नव्यानं लुळा पडला तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हे जोराचं चालणं कचराळीवर आपलं आपण करू नका. संध्याकाळच्या गर्दीत मुलं मध्ये धावतात आणि तिथं छातीला बांधायचा पट्टा नसतो. तिथली फेरी आहे तशीच चालू द्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तांब्या यजमानांनाच उचलू द्यात, आधी दोन्ही हातांनी. आणि ट्रेडमिलवर जाण्याआधी तो बूट बदला. झिजलेलं टोक पट्ट्याला अडकतं. घासणारं पाऊल वर धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा आधार मिळतो, तो बुटात बसतो का तेही फिजिओंना विचारा.