नवजात बाळाची हार्ट सर्जरी झाली, आता आयसीयूत सुजलेलं दिसतंय, हे नॉर्मल आहे का?

हो, बहुतेक वेळा असं होतं. ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन (हृदय आणि फुफ्फुसांचं काम तेवढ्यापुरतं करणारं यंत्र) वापरलं असेल तर अंगात पाणी साठतं, मग पापण्या, हात-पाय सुजतात, लघवी वाढायचं औषध देतात आणि काही दिवसांत सूज उतरते. कधीकधी हृदयालाच सूज असते म्हणून छाती लगेच शिवत नाहीत, वर पातळ आवरण लावून काही दिवसांनी बंद करतात, बघून धस्स होतं पण ते ठरवून केलेलं असतं.

खरा वेळ बाळाने नीट दूध प्यायला लागण्यात जातो हो! व्हेंटिलेटर निघाला तरी चोखताना बाळ दमतं, म्हणून आधी नाकातल्या नळीने दूध देतात. आईने दूध पंप करत राहावं. हात लावायचा असेल तर नर्सला विचारा, बहुतेकदा लावू देतात.