मिरचीला पाणी लिटरमध्ये मोजा

प्रश्न : नमस्कार दादा, सिल्लोड तालुक्यातून लिहितोय. दीड एकर मिरची आहे, १० मेला लावली, ५ फुटी बेड, मल्चिंगचं आच्छादन आहे, १६ एमएमची इनलाईन ठिबक नळी, सव्वा फुटावर तासाला ४ लिटरचा ड्रिपर, प्रत्येक ड्रिपरला एक रोप. रोज दीड तास पाणी देतो तरी दुपारी रोपं मान टाकतात, खालची पानं पिवळी पडायला लागलीत आणि विहीर आता दोन तासांच्या वर टिकत नाही. पाऊस लागेपर्यंत पाणी पुरवायचं कसं?

उत्तर : दादा, तुमची रोपं तहानलेली नाहीत, त्यांना पाणी जास्त होतंय असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. हिशोब करून बघा, ४ लिटरचा ड्रिपर दीड तास चालला म्हणजे एका रोपाला ६ लिटर गेलं, एकरी साडेसहा-सात हजार ड्रिपर धरले तर दीड एकराला रोजचं ६० हजार लिटर, म्हणजे १० हजारवाले सहा टँकर, आणि हे सगळं वीतभर रोपाला. या वयाच्या रोपाला मल्चिंगखाली रोज लिटर-दीड लिटर पुरतं, म्हणजे तुमच्या ड्रिपवर १५ ते २२ मिनिटं. बाकीचं पाणी मुळांच्या खाली निघून जातं आणि जाताना तुम्ही सोडलेलं युरिया पण घेऊन जातं, पानं पिवळी पडतात ती यामुळेही आणि मुळांना हवा मिळत नाही म्हणूनही. ओल अशीच राहिली की मग मर, म्हणजे रोप सुकवणारा रोग, लागते, ती एकदा लागली की औषधाने रोपं परत येत नाहीत, म्हणून आत्ताच हात आवरा.

दुपारी मान टाकतात ते बघून मोटार चालू करू नका. मे महिन्याच्या उन्हात पानातून पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही म्हणून पानं लोंबतात, जमिनीत ओल असली तरी. सकाळी सातला प्लॉटमध्ये जा, तेव्हाही पानं पडलेली असतील तरच पाणी कमी पडतंय समजा. आणि हाताने बघा, रोपाजवळचं मल्चिंग उचलायचं, वीतभर खाली खुरप्याने उकरायचं, माती मुठीत दाबायची. लाडू झाला आणि बोटांना चिखल लागला तर उद्या पाणी नको, लाडू झाला पण टिचकीने फुटला तर बरोबर आहे, लाडू वळतच नसेल तर पाणी द्या. काळ्या भारी जमिनीत दिवसाआड दिलं तरी चालतं, मुरमाड असेल तर तेच पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा थोडं थोडं द्या कारण तिथे ते पसरत नाही, सरळ खाली जातं.

अजून एक काम याच आठवड्यात करा. लाईनच्या सुरुवातीला एक आणि शेवटच्या टोकाला एक असे दोन ड्रिपर निवडा, खाली डबा ठेवा, १५ मिनिटांत प्रत्येकी १ लिटर पडायला पाहिजे. टोकाला पाव लिटर कमी पडलं तर फिल्टर धुवा, सगळ्या नळ्यांची टोकं सोडून गाळ काढा, विहिरीचं पाणी क्षारी असेल तर नळ्यांत ॲसिड सोडून क्षार काढायची ॲसिड ट्रीटमेंट पण करून घ्या. बरेच जण टोकाची चार रोपं सुकतात म्हणून अख्ख्या प्लॉटला अर्धा तास जास्त देतात, पाणी जातं ते खरं इथेच.

कंजुषी करायची नाही ती फुलं लागताना आणि मिरची धरताना, तेव्हा ताण बसला की फुलगळ होते आणि ती गेलेली तोडणी परत येत नाही. मोठ्या झाडाला कडक उन्हात ४ लिटरपर्यंत लागेल, म्हणजे तासभर. पुढच्या वर्षी लागवड मेच्या शेवटी नेता आली तर न्या. मिरचीला पूर्ण हंगामात ६०० ते ९०० मिलिमीटर पाणी लागतं, झाड मोठं व्हायच्या वेळी पाऊस असला की विहिरीवरचा भार तेवढा हलका. पहिल्या तोड्याला भाव मिळतो म्हणून सगळे घाई करतात, मला कळतं ते, पण आधी विहीर बघा मग रोपं बुक करा.

प्रश्न : भिवापूर भागातून विचारते, आमची लाल वाळवायची मिरची आहे. पाणी तोडलं की मिरची जास्त तिखट होते म्हणतात, खरं आहे का?

उत्तर : ताई, काही अंशी खरं आहे. पाण्याचा ताण बसला की बऱ्याच जातींत मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत तिखटपणा वाढतो, पण सगळ्या जातींत नाही, आणि वजन मात्र नक्की घटतं. तुम्हाला वाळवायचीच आहे तर मिरची लाल व्हायला लागली की पाणी हळूहळू कमी करा, वाळायलाही सोपी जाते. झाडावर अजून फुलं असतील तर मात्र थांबा.