सेकंड हँड पोकलेनवर दोन सेन्सरचे कोड एकत्र येतात. सेन्सर बदलूनही परत येतात. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलावा का?

वाघोलीच्या साइटवर चालणारं तुमचं २० टनी मशीन मध्येच आरपीएम टाकतं, ऑइल प्रेशर आणि रेल प्रेशरचे (इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पाइपातला दाब) कोड जोडीने येतात आणि थोड्या वेळाने आपोआप जातात. दोन्ही सेन्सर नवे बसवले, आता मेकॅनिक ईसीएम बदला म्हणतोय. ईसीएमला अजून हात लावू देऊ नका. दोन वेगळे सेन्सर एकाच क्षणी सहसा जात नाहीत. अनेक इंजिनांत प्रेशर सेन्सरची ५ व्होल्टची लाइन आणि सेन्सर अर्थ सामायिक असते. बिघाड तिथे असला, तर कितीही सेन्सर बदला, कोड परत येणारच.

आधी कोड पूर्ण वाचा. एसपीएन म्हणजे कुठला भाग: १०० ऑइल प्रेशर, ११० कूलंट टेंपरेचर, १५७ रेल प्रेशर. खरी माहिती मागच्या एफएमआय आकड्यात असते, तो बिघाडाचा प्रकार सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेलं. पण ऑइल प्रेशरला एफएमआय १ आला, तर दाब खरोखरच पडलाय असं धरा, इंजिन लगेच बंद करा आणि मेकॅनिकल गेज लावून दाब मोजा. तो प्रश्न सहसा वायरिंगचा नसतो. काही मशीनवर कंपनीचे स्वतःचे कोड येतात. तिथे मॅन्युअलमध्ये व्होल्टेज हाय लिहिलंय की लो, तेवढं बघा.

आता मुख्य तपासणी. बकेट जमिनीवर, लॉक लिव्हर लॉक पोझिशनला, चावी ऑन, इंजिन बंद. ऑइल प्रेशर सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला ५ व्होल्टची पिन आणि सेन्सर अर्थ यांच्यात मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं. कमी असेल तर मीटर तसाच लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवा. कुठल्या तरी एकाचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले, तर तोच सेन्सर आतून शॉर्ट आहे. बऱ्याचदा तो सेन्सर कोडमध्ये नसतोच, म्हणून तो कोणी बदललेला नसतो. सगळे काढूनही व्होल्टेज येत नसेल, तर बॅटरी निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडवा आणि त्या ५ व्होल्टच्या वायरीचा बॉडीशी रेझिस्टन्स मोजा. मीटरने ओपन दाखवलं पाहिजे. काही ओहम दाखवले, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलेली आहे.

तुमचा बिघाड येतो-जातो, म्हणून मोजताना दुसऱ्या माणसाला हार्नेस हातभर अंतराने हलवायला सांगा. इंजिनाच्या मागे, टर्बोच्या जवळ, बॅटरी बॉक्सच्या पत्र्याची धार आणि केबिनच्या फरशीखाली वायरिंग पत्र्यातून आरपार जातं ती जागा: घासणं बहुतेक इथेच सापडतं. सेकंड हँड मशीनवर आधीच्या मालकाने केलेले पिळून टेप मारलेले जोड, फ्यूजऐवजी घातलेली तार आणि थेट जोडलेले रिलेही शोधा.

कपलर तपासताना प्रोब समोरून खुपसू नका. फिमेल पिन पसरते आणि नवा लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. मागून, सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजा. त्याच मापाची सुटी मेल पिन प्रत्येक फिमेल पिनमध्ये घालून ओढून बघा. हलकी पकड जाणवली पाहिजे. इन्सुलेशनला टाचणी टोचणं तर टाळाच. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं. क्रशरची धूळ आणि त्यावर प्रेशर वॉशचं पाणी, यानेही सील गेलेल्या कपलरमध्ये हेच होतं.

दोन वायरींच्या टेंपरेचर सेन्सरची परीक्षा सोपी आहे. कपलर काढला की व्होल्टेज वर चढून एफएमआय ३ यावा. हार्नेसच्या दोन पिना तारेने जोडल्या की ४ यावा. दोन्ही आले म्हणजे वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर खराब. ही युक्ती तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरवर करू नका, ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होईल.

कॅन लाइन म्हणजे ईसीएम आणि मशीनचे बाकीचे कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती. तिच्यासाठी बॅटरी काढून कॅन हाय आणि कॅन लो यांच्यात मोजा. ६० ओहम आले तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर (१२० ओहमचे रेझिस्टर) आहेत, १२० आले तर एक बाजू तुटली आहे, शून्याच्या आसपास म्हणजे दोन वायरी एकमेकींना टेकल्या आहेत.

ईसीएमचा निकाल लावण्याआधी त्याचा सप्लाय लोड देऊन तपासा. ईसीएमचा कपलर सोडवलेला ठेवून हार्नेसच्या पॉवर आणि अर्थ पिनांत २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावा. तो पेटलेला असताना तिथलं व्होल्टेज बॅटरीपेक्षा फार तर अर्धा व्होल्ट कमी चालेल आणि अर्थच्या बाजूचा ड्रॉप (अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह) ०.२ व्होल्टच्या आत हवा. वायर किंवा जोड आतून गंजून नावाला टेकलेला असला तरी नुसता मीटर पूर्ण २४ दाखवतो, बल्ब मात्र मंद होतो. सेन्सरच्या किंवा ५ व्होल्टच्या वायरीला हा बल्ब कधीही लावू नका. सप्लाय, अर्थ, वायरिंग सगळं ठीक असून ईसीएमच्या पिनेवर ५ व्होल्ट येत नसतील, तरच ईसीएम बदलण्याचं बोला. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचा कपलर काढला होता का, हे ऑपरेटरला विचारा. न काढता वेल्डिंग झालं असेल तर ईसीएमवरचा संशय थोडा वाढतो.

दुरुस्तीला त्याच जाडीची वायर, क्रिंप जोड आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक वापरा. नुसती टेप इंजिनाच्या उष्णतेने सुटते. दोन-तीन वायरी जोडायच्या असतील तर जोड मागेपुढे ठेवा आणि कॅनच्या जोडीचा पीळ तसाच राहू द्या. हीट श्रिंक पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते, कपलरच्या पिना आणि सील नाना पेठेत विचारा, पण जुनी पिन नमुन्याला न्या. शेवटी कोड पुसा, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत बूम आणि स्विंग लोडवर चालवा आणि मगच कोड पुन्हा वाचा, कारण थंड मशीनवर हा बिघाड लपून राहू शकतो.