बाबा सहा वर्षं रोज इसबगोल घेतात, त्याने आतडी आळशी होतात का?

तुमच्या बाबांचं वय ७१, सहा वर्षं रोज रात्री इसबगोल. आता शेजारचे सांगतात की सवय लागते, म्हणून बंद करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी औषधाच्या दुकानात एकवीस वर्षं उभा आहे आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच.

आधी डबा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचा. नुसतं इसबगोल असेल तर शेजाऱ्यांचं बोलणं सोडून द्या. हा बियांवरचा भुसा आहे. तो पचत नाही. पाणी पितो, फुगतो आणि मळ मऊ ठेवतो. आतड्याला डिवचत नाही, त्यामुळे सवय लागायचा प्रश्न नाही. बंद केल्यावर पुन्हा खडा होतो तो मूळचा त्रास परत येतो म्हणून. चष्मा काढल्यावर धूसर दिसतं, पण त्याचा दोष आपण चष्म्याला देत नाही.

डब्यावर सोनामुखी, सनाय किंवा सेन्ना दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत ती असते आणि लोक त्यालाही ‘आपलं साधं चूर्ण’ म्हणतात. ती आतड्याला चाळवून काम करते. डॉक्टरांना न विचारता ती आठवड्याच्या वर घेऊ नये. माझ्या मते इसबगोलाची बदनामी झाली ती या चूर्णांमुळे.

रोज घ्यायला इसबगोल चांगलं, पण पाण्यात हयगय नको. एकदा घरी करून बघा: अर्ध्या पेल्यात मोठा चमचाभर टाका आणि दहा मिनिटं थांबा. पाणी कुठे गेलं कळत नाही, चमच्याला चिकट गोळा लागतो. तोच गोळा घशात झाला तर? आमच्याकडे नेहमी येणारे एक आजोबा कोरडीच फक्की मारून वर घोटभर पाणी प्यायचे. एका रात्री ती छातीत अडकली. थुंकीही गिळता येईना, शेवटी दुर्बिणीने काढावी लागली. तेव्हापासून डबा देताना मी पेला किती मोठा ते हाताने दाखवतो. मोठा पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. पिऊन लगेच आडवं व्हायचं नाही. बाबांना गिळायला त्रास असेल, किंवा हृदय-किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दिवसाला ५ ते १० ग्रॅम, म्हणजे मोठा चमचा एक ते दोन, बहुतेकांना पुरतं. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात, त्यामुळे ‘काल घेतलं, आज काहीच नाही’ म्हणून दुप्पट करू नये. सुरुवातीला पोट फुगतं; चमचा हळूहळू वाढवला की बहुधा बसतं. दुसऱ्या गोळ्यांत आणि यात निदान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीत चार. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर तपासत राहा, यामुळे ती थोडी खाली येऊ शकते. आणि चवीचे, संत्र्याच्या वासाचे डबे घेताना त्यातली साखर बघा.

आणखी एक. सहा वर्षांपूर्वी बद्धकोष्ठ सुरू झाला तेव्हा कोणती नवी गोळी लागली होती का, ते आठवा. लोह, कॅल्शियम, दुखण्यावरची ट्रामाडोल, रक्तदाबाच्या काही गोळ्या मळ घट्ट करतात. थायरॉइड कमी असलं तरी तेच. गोळी स्वतःहून थांबवू नका, पण डॉक्टरांपुढे सगळ्या पट्ट्या ठेवा.

मळातून रक्त, काळा मळ, वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, किंवा इतकी वर्षं ठीक असलेलं पोट अचानक बिघडणं, यातलं काही दिसलं तर चमचा न वाढवता तपासणी करा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल, तर त्याच रात्री दवाखाना.

हो, डबा न्हाणीघराजवळच्या फळीवर ठेवू नका. ओल लागली की आतच गुठळ्या होतात आणि मग तो नीट ढवळला जात नाही.