रेनेसाँसमधलं पूर्वतयारीचं मानवाकृती-रेखाटन पाहताना नेमकं काय बघायचं?

मायकेलअँजेलोचं लिबियन सिबिलसाठीचं रेखाटन घ्या. सिबिल म्हणजे प्राचीन काळातली भविष्य सांगणारी स्त्री. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलच्या छतावरच्या चित्रासाठी साधारण 1510-11 मध्ये लाल खडूने केलेलं, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कागद 28.9 × 21.4 सेंमी, म्हणजे जवळपास ए-फोर. त्यामुळे प्रिंट काढून मूळ आकारातच बघा. स्क्रीनवर झूम करत राहिलं की हाताच्या एका फटकाऱ्याची लांबी कळतच नाही.

आधी चेहरा सोडा, पाठ बघा. खांद्याच्या फऱ्यांभोवती रेषा स्नायूच्या गोलाईबरोबर वळतात. जिथे स्नायू वर येतो तिथे कागद कोरा ठेवलाय आणि तोच उजेड होतो. डाव्या खांद्यावर पांढऱ्या खडूचा अगदी हलका स्पर्श आहे, तो सहज निसटतो.

मग कडेची छोटी रेखाटनं बघा, कारण खरी अडचण तिथे दिसते. पायाची बोटं पुन्हा पुन्हा काढलीत. अंगाला पीळ देऊन सिबिल जड ग्रंथ पेलतेय, सगळा भार बोटांवर, आणि तो पटला नाही तर आकृती कोसळल्यासारखी वाटेल. चेहराही खाली डावीकडे परत काढलाय. मॉडेल पुरुष होता, त्यामुळे स्त्रीचा चेहरा वेगळा शोधावा लागला.

नवख्यांची एक चूक हमखास होते. खालचं तपकिरी शाईतलं नाव ते सही समजतात. ती नंतरची नोंद आहे.

शेवटी छतावरचं पूर्ण झालेलं भित्तिचित्र शेजारी ठेवा. तिथे वस्त्रं आली, पण खांदे आणि दंड उघडेच राहिले.