'भावा', 'भिडू', 'यार', 'ब्रो': मित्राला मारायच्या या हाका आल्या कुठून आणि पसरल्या कशा?

तुमच्या चारांतले 'भावा' आणि 'ब्रो' नात्यातलेच आहेत, आणि त्यांचा तिसरा भाऊबंद तुमच्या यादीत यायचा राहिलाय: इंग्रजीतला 'पॅल'. सतराव्या शतकात तो इंग्रजीत शिरला रोमानीतून. रोमानी ही युरोपातल्या रोमा लोकांची भाषा, मूळची भारतातली. तिच्यात 'फ्राल' किंवा 'फाल' म्हणजे भाऊ, आपल्या 'भ्रातृ'चंच रूप. आपला 'भाऊ'ही प्राकृतातून झिजत त्याच 'भ्रातृ'पासून आला; 'ब्रदर' जरा दूरचा चुलत. हे कळलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो!

नातं उसनं घ्यायचं नसेल, तर जेवण नाहीतर खोली. 'कंपॅनियन'मध्ये लॅटिन 'पानिस' म्हणजे पाव आहे: एका पावावर जेवणारे. फ्रेंचांचा 'कोपँ' आणि जर्मन खाणकामगारांचा 'कुंपेल' त्याच पिठाचे. 'मेट'चाही मूळ अर्थ एका पंक्तीतला. 'कॉम्रेड' मात्र स्पॅनिश 'कामारादा'वरून, म्हणजे एका खोलीतला. जहाज, बराक, खाण, वसतिगृह... जिथे परक्यांना एकत्र दिवस काढावे लागतात तिथे हे शब्द रुळतात, आणि माणसं घरी परतताना ते सोबत घेऊन येतात, असं माझं मत.

'भिडू' आपल्या खेळातला. पत्त्यांत जोडीदार तो भिडू. मुंबईच्या हिंदीनं तो उचलला आणि सिनेमानं देशभर नेला. 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांनी आपलं नाव, आवाज आणि 'भिडू' यांच्या परवानगीविना वापराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. (डाव मांडून बसलेल्यांनी घाबरू नये.)

'यार' फारसी, सोबती, मदत करणारा. पण मराठीत आल्यावर बिचारा बदनाम झाला. जुन्या मराठीत 'तिचा यार' म्हटलं की भुवया उंचावायच्या. 'लंगोटीयार'मध्ये तेवढा सोवळा राहिला. आता तो हिंदीच्या वाटेनं पुन्हा आलाय, तो मात्र निम्मा उद्गार होऊन. 'काय यार!' म्हणायला समोर मित्र लागतच नाही. वीज गेली की माझी मुलगी रिकाम्या खोलीतही म्हणते.