टेनंट (आमचं एकच सॉफ्टवेअर सामायिक वापरणाऱ्या ग्राहक कंपन्या) मॉनिटर करायला कोणता डॅशबोर्ड घ्यावा? आणि त्रास देणाऱ्या टेनंटसाठी अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये ‘सस्पेंड’ बटण दिलंय, ते पुरेल ना?

डॅशबोर्ड ग्राफाना घ्या नाहीतर दुसरा कुठला घ्या, त्याने काही अडत नाही. बटणाचं वाचून मात्र राहवलं नाही.

नाही पुरत. आमच्याकडेही अगदी तेच बटण होतं. एका टेनंटने रिपोर्टचे जॉब लावले, तारखेची मर्यादाच नाही, सगळा इतिहास उपसणारे. पोस्टग्रेस डेटाबेस सगळ्यांचा एकच, कनेक्शन पूलही (डेटाबेसशी जोडणाऱ्या मोजक्या कनेक्शनांचा साठा) एकच, मग काय, बाकीच्यांचं साधं पान उघडेना. आणि कन्सोल हिरवागार! अ‍ॅप सर्व्हरचा सीपीयू निवांत, कारण रिक्वेस्ट बिचाऱ्या कनेक्शनची वाट बघत बसलेल्या, आणि टाइमआउट झालेल्या तर सरासरीत धरतच नव्हते. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी (चालू कनेक्शनांची पोस्टग्रेसमधली यादी) उघडलं तर सगळी कनेक्शनं एकाच डीबी युजरच्या नावावर. अ‍ॅप्लिकेशन-नेममध्ये (कनेक्शनला देता येणारं नाव) टेनंट आयडी टाका म्हणून मी आधीपासून कानीकपाळी ओरडत होतो, ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. शेवटी क्वेरीतला टेनंट आयडी बघून पत्ता लागला. केलं सस्पेंड. ढिम्म फरक नाही!

कारण सस्पेंडचा चेक फक्त लॉगिनला. आधी दिलेले जेडब्ल्यूटी (लॉगिन झाल्याचा पुरावा असलेली टोकनं) मुदत संपेपर्यंत चालू, आणि क्यूमधले जॉब चालवणारे वर्कर प्रोग्राम तर कोणाला विचारतच नव्हते, एकामागून एक जॉब उचलतायत. डिझाइनच्या मीटिंगमध्ये मी हेच विचारलं होतं तेव्हा लीड म्हणाला, ‘लॉगिन बंद म्हणजे टेनंट बंद, अजून काय पाहिजे?’ हे पाहिजे होतं, साहेब.

तर, टेनंटचं स्टेटस प्रत्येक एपीआय रिक्वेस्टला तपासा आणि वर्करने जॉब उचलण्याआधीही तपासा. चालू असलेल्या क्वेरी आपोआप मरत नाहीत, त्या पीजी-टर्मिनेट-बॅकएंडने (कनेक्शन तोडणारं पोस्टग्रेसचं फंक्शन) माराव्या लागतात, ती सोय कन्सोलमध्येच द्या, आणि कोणी कधी वापरली ते ऑडिट लॉगमध्ये जाऊ दे. मुळात सस्पेंडवर जायची वेळच का यावी, आधी टेनंटनिहाय रेट लिमिट (ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट चालतील ती मर्यादा) लावा, ओलांडली तर 429 (‘फार रिक्वेस्ट झाल्या’ सांगणारा एचटीटीपी कोड) परत करा, सोबत रिट्राय-आफ्टर (किती वेळाने पुन्हा यायचं ते). जॉबना लिमिट वेगळं, एका टेनंटचे एका वेळी ठरावीकच चालतील असं, कारण आमचं मढं तिथूनच निघालं होतं. आणि सरासरी बघूच नका, प्रत्येक टेनंटचा पी-99 (शंभरातल्या 99 रिक्वेस्ट जितक्या वेळात उरकतात तो वेळ) आणि त्याने धरलेली कनेक्शनं बघा.

प्रोमिथियस (मेट्रिक्स म्हणजे मोजमापं साठवणारं टूल) असेल आणि टेनंट हजारोंनी असतील तर टेनंट आयडीचं लेबल सरसकट सगळ्या मेट्रिक्सना चिकटवू नका हां, सिरीज (प्रत्येक लेबलमागे होणारी वेगळी नोंदमाला) इतक्या वाढतात की मेमरी खाऊन तोच आडवा होतो. मोजक्या मेट्रिक्सना लावा, बाकीचं लॉगमध्ये. प्रत्येक टेनंटला वेगळा डेटाबेस आणि वेगळा पूल असेल तर वरचं पूलचं रडगाणं तुम्हाला बरंचसं लागू नाही, टोकन आणि वर्करचं मात्र तिथेही तसंच.